अर्ध्या तिकिटात अजिंठ्याचा डोंगर

मैत्रिणींनो, गेल्या वर्षभरात तुम्ही एस.टी.त किती वेळा बसलात आणि कशासाठी बसलात, ते जरा बोटं मोजून आठवून पाहा. नणंदेच्या मुलीचं लग्न, भावाकडे रक्षाबंधन, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं, कुणाच्या तरी दहाव्याला जाणं, आणि फार तर राजूरच्या गणपतीचं दर्शन. बरोबर ना? आता सांगा, नुसता डोंगर बघायला, पाय मोकळे करायला, दिवसभर झाडांच्या सावलीत हिंडायला किती वेळा गेलात? बहुतेकींचं उत्तर 'एकदाही नाही' असंच येईल. बाईच्या प्रवासाला आपल्याकडे काहीतरी निमित्त लागतं. कुणाचं तरी काम असावं लागतं, नाहीतर देव तरी असावा लागतो.

त्यातून डोंगर चढणं म्हटलं, की 'ते पोरांचं काम, आपल्याला कुठलं झेपायला!' असं आपणच म्हणून मोकळ्या होतो. पण अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरला पायी जाणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. कदाचित तुम्हीही त्यांच्यात असाल. पंचवीसेक किलोमीटरची ती वाट कित्येकजणी अनवाणी चालतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपुढे उभ्या राहतात. तेव्हा चालण्याची ताकद नाही, हे काही खरं नाही. ताकद आहे, वाट ठाऊक नाही एवढंच. ती वाट आज सांगते.

आपला डोंगर कोणता?

जालना जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. मोसंबी, बी-बियाणं आणि लोखंडाचे कारखाने यांसाठी तो ओळखला जातो. पण जंगल म्हणावं असं आपल्या वाट्याला फारच थोडं आलं आहे. शेतं, माळ आणि पुन्हा शेतं. मात्र भोकरदन, जाफराबादकडे उत्तरेला नजर टाकलीत, तर आभाळाच्या कडेला एक निळसर रेघ दिसते. ती अजिंठ्याची डोंगररांग. आपल्या पूर्णा नदीचा उगम याच रांगेतला. ह्या रांगेच्या माथ्यावर पडलेल्या पावसाची गंमत अशी, की अलीकडच्या उतारावर पडलेलं पाणी पूर्णेतून गोदावरीला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातं. पलीकडच्या उतारावरचं वाघूर नदीतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला मिळतं. माथ्यावरच्या शेजारशेजारच्या दोन थेंबांची सासरं अशी दोन टोकांना!

ह्या रांगेतली बाईमाणसाला एस.टी.नं जाऊन एका दिवसात घरी परतता येईल अशी उत्तम पायवाट म्हणजे अजिंठा लेण्यांसमोरच्या डोंगरावरची. लेणी आपण शाळेच्या सहलीत पाहिलेली असतात. पण वाघूर नदीचा पूल ओलांडून समोरचा डोंगर चढणाऱ्या फार थोड्या. सगळी मंडळी चित्रं पाहून माघारी फिरतात.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या डोंगरांत हिंडायला लोक टपालखात्याच्या पिवळ्या बसनं जातात. बसमधून उतरायचं, डोंगर चालायचा आणि दुसऱ्या थांब्यावर पुन्हा बस धरायची. तिथल्या वाटांवर पिवळ्या पाट्या असतात आणि त्यांवर किती तास चालायचं ते लिहिलेलं असतं. ही पद्धत फार शहाणपणाची. पाऊण तासाची चढण म्हटलं, की आपल्याला नेमकं कळतं. दोन किलोमीटर म्हटलं, तर चढ किती ते कळतच नाही. आपली पिवळी बस म्हणजे आपली लाल एस.टी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर ती पहिल्यांदा धावली, आणि १७ मार्च २०२३ पासून राज्यातल्या राज्यात सगळ्या बायकांना तिचं तिकीट अर्धं झालं आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या आजीबाईंना तर तिकीटच नाही. मुलगा किंवा मुलगी ५ ते १२ वर्षांची असेल, तर तिचंही अर्धंच. म्हणजे मोटार नाही, नेणारं कुणी नाही, हे कारण आता उरलेलं नाही.

अजिंठ्याला तर आणखी एक गंमत आहे. लेण्यांच्या अलीकडे चार किलोमीटरवर फर्दापूरजवळ जो टी पॉइंट आहे, तिथं खाजगी वाहनं थांबवतात. लेण्यांतल्या चित्रांना आणि दरीला धुराचा त्रास होऊ नये म्हणून ही सोय. तिथून पुढे एस.टी.च्याच गाड्या ये-जा करतात. लाखाची मोटार घेऊन आलेल्या बाईलाही शेवटचे चार किलोमीटर आपल्याच शेजारी बसून यावं लागतं!

आधी महिनाभर पाय तयार करा

उद्याच उठून निघू नका. रोज संध्याकाळी अर्धा तास भरभर चाला. गच्चीचा जिना दोन वेळा जादा चढा. पंधरा दिवस झाले, की एखाद्या रविवारी अंबडला जा. मत्स्योदरी देवीची टेकडी माशाच्या आकाराची म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्या पायऱ्या न थांबता, बोलत बोलत चढता आल्या, तर अजिंठ्याचा डोंगर तुम्हाला जड नाही. धाप लागून बोलणं तुटलं, तर आणखी पंधरा दिवस थांबा. गुडघे दुखत असतील किंवा छातीत धडधडत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यात लाज कसली?

गुडघ्यांची खरी परीक्षा चढताना होत नाही, उतरताना होते. पाऊल सरळ न टाकता किंचित तिरपं टाका, गुडघा थोडा वाकलेला ठेवा, आणि हातात एक काठी असू द्या.

कधी जायचं

दसरा झाला की महाशिवरात्रीपर्यंत केव्हाही. मार्चपासून तिथला काळा दगड तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात दरी हिरवीगार होते, सातकुंडाचा धबधबा वाजत असतो, जाण्याचा मोह फार होतो. पण वरच्या माथ्याची वाट तेव्हा निसरडी असते. त्या दिवसांत पूल ओलांडून खालच्या कट्ट्यापर्यंतच जावं आणि तिथूनच पाणी पाहावं. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा तो वार टाळा. अंगारकीच्या दिवशी राजूरच्या रस्त्याला गर्दी मावत नाही, म्हणून तोही टाळा. पंचांग पाहूनच दिवस ठरवा म्हणा ना!

वाट अशी आहे

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदन, भोकरदनहून सिल्लोड, आणि सिल्लोडहून जळगावकडे जाणारी गाडी. अजिंठा गाव मागे पडलं, की घाट लागतो. घाट उतरला, की वाहकाला 'लेण्यांच्या फाट्यावर उतरवा' म्हणून सांगून ठेवा. गाड्या बदलण्यात वेळ जातो, तेव्हा साडेतीन तास धरून चाला.

भोकरदनला गाडी थांबेल तेव्हा खिडकीतून नीट पाहून घ्या. ह्या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी ते व्यापाराचं मोठं ठाणं होतं. इथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख मध्य प्रदेशात सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर कोरलेले आहेत. इथं झालेल्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्यासारखीच एक मूर्ती थेट इटलीत, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडली आहे. आपल्या गावची माणसं तेव्हा एवढ्या लांबवर पोचली होती. आपण तर फक्त पुढच्या तालुक्यात निघालो आहोत.

टी पॉइंटवरून छोट्या गाडीनं पायथ्याशी उतरलात, की आधी तिकीट काढा. १५ वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट पडत नाही. स्वच्छतागृह इथंच उरकून घ्या. पुढे डोंगरावर तशी सोय नाही.

पायऱ्या चढून लेण्यांच्या ओळीत आलात, की चित्रांत गुंतू नका. ती दुपारी. आधी डोंगर. आठव्या लेण्याच्या खालच्या बाजूला नदीवर पूल आहे. तो ओलांडला, की समोरची चढण सुरू होते. थोडं चढलं, की पहिला कट्टा येतो. इथूनच घोड्याच्या नालेसारखी वळलेली दरी आणि तिच्या कड्यात ओळीनं कोरलेली लेणी दिसतात. ज्यांना पुढं झेपणार नाही त्यांनी इथंच सावली धरून बसावं. त्यांचा दिवस काही वाया गेला नाही.

इथून माथ्यापर्यंत साधारण चाळीस मिनिटांची चढण. आपण बायका बोलत, थांबत जाणार, म्हणून तासभर धरा. वाट कुठं ढासळलेली असेल किंवा पहारेकऱ्यानं 'आज वर जाऊ नका' म्हटलं, तर त्याचं ऐका. डोंगर कुठं पळून जात नाही.

माथ्यावर पोचल्यावर पाणी प्या आणि पाच मिनिटं कुणीही बोलू नका. समोर काळ्या पाषाणाचे थर एकावर एक रचलेले दिसतील, भाकरीची चवड ठेवावी तसे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला लाव्हा थराथरानं थिजला, तोच हा दगड. त्याच थरांत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत माणसांनी छिन्नी-हातोड्यानं तीस लेणी कोरली. जवळ उभं राहून एकेक लेणं दिसतं. सगळी मिळून काय आहे, ते ह्या माथ्यावरूनच कळतं.

याच माथ्यावरून २८ एप्रिल १८१९ ला शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला लेण्याची कमान दिसली, आणि 'लेणी सापडली' असं पुस्तकांत लिहिलं गेलं. जवळच्या गावाचं नाव मात्र लेणापूर! म्हणजे गावकऱ्यांना ती ठाऊकच होती. साहेबांनी दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं आहे. दोनशे वर्षं झाली तरी तो ओरखडा गेलेला नाही. बरोबर मुलं असतील, तर त्यांना ही गोष्ट आवर्जून सांगा, म्हणजे खिशातला खिळा खिशातच राहील.

आणखी एका बाईची गोष्ट सांगते. ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्लंडची चित्रकार. ती १९०६ साली अजिंठ्याला येऊन गेली. पुढे १९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे तिनं फर्दापूरजवळ तळ ठोकून काढले आणि लेण्यांतल्या अंधारात बसून भिंतीवरची चित्रं उतरवून घेतली. नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार हे तेव्हाचे तरुण चित्रकार तिच्याबरोबर होते. त्या चित्रांचं पुस्तक १९१५ साली निघालं. तिचा जन्म १८५२ चा. म्हणजे इथं दऱ्याखोऱ्यांत राहून काम करत होती, तेव्हा बाईंनी पंचावन्न ओलांडली होती! 'आता आमचं वय झालं' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

शेवटच्या गाडीपासून उलटं मोजा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डोंगराच्या वाटेवर बाईची पंचाईत होते ती पायांमुळे कमी, चुकलेल्या गाडीमुळे जास्त. म्हणून दिवसाचा आराखडा सकाळपासून करू नका, रात्रीपासून मागं मागं करत या.

आदल्या आठवड्यात आगाराच्या चौकशी खिडकीवर स्वतः जाऊन विचारा : सिल्लोडहून भोकरदनकडे संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता? भोकरदनहून जालन्याला? वेळा बदलत असतात, तेव्हा मागच्या वर्षी गेलेल्या मावशींचं ऐकून चालू नका. उत्तर कागदावर लिहून घ्या. मग शेवटची गाडी ही आपली गाडी नाहीच असं समजा. तिच्या आधीची आपली. शेवटची फक्त अडीअडचणीसाठी.

समजा रात्री आठपर्यंत घरी यायचं आहे. मग टी पॉइंटवर साडेचारला हवं. त्यासाठी पायथ्यावरून चारला निघायला हवं. लेण्यांना दोन तास, जेवणाला अर्धा तास, म्हणजे डोंगर उतरून दीडला खाली. तेव्हा साडेबाराला, तुम्ही कुठंही असा, माथा दहा पावलांवर असला तरी मागं फिरायचं. हा नियम घरून निघतानाच सगळ्यांनी कबूल करायचा. हे गणित जुळायला जालन्याहून सकाळी सहाच्या आत गाडी धरायला हवी.

आणि एवढं करून भोकरदनची गाडी हुकलीच, तर घाबरू नका. जळगाव-छत्रपती संभाजीनगर हा मोठा रस्ता आहे. त्यावर गाड्या जास्त. सरळ संभाजीनगरला जा आणि तिथून जालन्याची गाडी धरा. उशीर होईल, पण उजेडाच्या आणि वर्दळीच्या जागेत उभं राहता येईल. घरी दोन्ही वाटा सांगून ठेवा.

पिशवीत काय काय

प्रत्येकीला दोन लिटर पाणी. त्यातल्या अर्ध्या लिटरमध्ये चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू. दशम्या किंवा धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. दही-भाताच्या भानगडीत पडू नका, उन्हात आंबतो. आपल्या जालन्याची मोसंबी मात्र प्रत्येकीनं दोन घ्यावी. चढून गेल्यावर तिच्याइतकं गोड काही लागत नाही. साली परत आणायच्या, बरं का.

चपला नकोत. कापडी बूट, तळ खरबरीत असलेले. पातळ नेसणार असाल, तर चार बोटं वर नेसा आणि पदर खोचा. सलवार-कमीज असेल तर उत्तमच. डोक्याला रुमाल, एक जादा मोजा, चिकटपट्टी, हळद, मासिक पाळीचं सामान आणि जुन्या वर्तमानपत्रांचे दोन-चार कागद. ओझं पाठीवरच्या पिशवीत घ्या, हात मोकळे हवेत. वाहकासाठी सुट्टे पैसे वेगळ्या बटव्यात.

अत्तर, सेंट, गजरा, उदबत्ती यांतलं काही नको. कड्याला आग्या मोहोळं असतात आणि मधमाश्यांना उग्र वास खपत नाही. माश्या उठल्याच, तर हात झाडू नका, पदर तोंडावर घ्या आणि मुकाट्यानं लांब जा. माकडंही पुष्कळ. खाणं हातात धरून चालू नका, आणि त्यांना लाडानं काही देऊही नका. आज दिलेला लाडू उद्या येणाऱ्या बाईच्या पिशवीवर झडप घालतो.

किती जणी?

चार ते सहा. त्याहून कमी नको, कारण कुणाचा पाय मुरगळला तर एक तिच्यापाशी बसेल आणि दोघी मदत आणायला जातील. त्याहून जास्तही नको, कारण मग ती वरात होते. सगळ्यांत हळू चालणारीला पुढं ठेवा, मागं नको. म्हणजे कुणी एकटी पडत नाही. दरीत फोनला रेंज मिळेलच असं धरू नका. रस्त्यावर आल्यावर गरज पडली, तर ११२ हा क्रमांक लक्षात असू द्या. ज्यांना लेण्यांच्या पायऱ्याही जड जातात अशा वडीलधाऱ्या बरोबर असतील, तर पायथ्याशी डोलीवाले असतात.

हा डोंगर जमला, की पुढचा टप्पा गौताळ्याचा. कन्नड आणि चाळीसगावच्या मधलं हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. अडीचशे चौरस किलोमीटरहून जास्त जंगल. कन्नडपर्यंत एस.टी. जाते. पुढं मात्र वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, माहितगार बरोबर घेऊनच जायचं, कारण तिथं बिबटे आहेत. २०२१ साली तर यवतमाळच्या टिपेश्वरमधून एक तरुण वाघ तीनशे किलोमीटरहून अधिक चालत इथं येऊन पोचला. कित्येक दशकांनी गौताळ्याला वाघ दिसला. त्यालाही शेतं, रस्ते, गावं ओलांडूनच यावं लागलं. जंगलाचे तुकडे उरले आहेत, आणि आपण त्यांच्यात पाहुण्या म्हणून जातो, हे तिथं विसरू नये.

आणि घरी काय सांगायचं?

खरं तेच सांगा. 'डोंगर बघायला चालले आहे.' देवाचं नाव पुढं करू नका, आजारी मावशी शोधू नका. एकदा खोटं निमित्त सांगितलं, की दर वेळी नवं शोधावं लागतं. 'आणि आमच्या जेवणाचं काय?' असा प्रश्न येणारच. डाळीचं पीठ कुठल्या डब्यात आणि तांदूळ कुठल्या, ते आदल्या रात्री दाखवून ठेवा. एक दिवस पिठलं-भात केल्यानं कुणाची अन्नान्नदशा होत नाही. उलट मीठ किती घालायचं हे विचारायला फोन आला, की तुम्हाला माथ्यावर हसायला विषय मिळेल. रेंज असली तर!

शेजारणीला हा अंक वाचायला द्या आणि दोघी मिळून आगाराच्या चौकशी खिडकीवर जाऊन या. परतीच्या गाडीची वेळ कागदावर उतरली, की समजा अर्धा डोंगर चढून झाला.